प्रत्यारोपणापूर्वीचे प्रतिपिंड-अहवाल कोणत्या क्रमाने वाचावेत

किडनी प्रत्यारोपणाच्या तयारीत असलेल्या कुटुंबाच्या हाती प्रयोगशाळेचे चार-पाच अहवाल येतात आणि बहुतेक जण त्यांतले क्रॉसमॅचचे पान सर्वांत आधी उघडतात. तिथे ‘निगेटिव्ह’ दिसले की सगळे जुळले असे समजून पुढची पाने बाजूला पडतात. ‘पॉझिटिव्ह’ दिसले की दाता बाद झाला असे समजून घरात रडारड सुरू होते. दोन्ही निष्कर्ष घाईचे असतात. क्रॉसमॅच म्हणजे रुग्णाच्या रक्तातला द्रव (सीरम) दात्याच्या पेशींवर घालून प्रतिक्रिया होते का ते पाहणे. तो या मालिकेतला शेवटचा अहवाल आहे. आधीचे अहवाल वाचून त्यात काय निघायला हवे याचा अंदाज बांधलेला असेल, तरच त्याचा अर्थ लागतो. म्हणून या लेखाचा आग्रह एकाच गोष्टीचा आहे : क्रॉसमॅचचे पान शेवटी उघडा.

लेख मुख्यतः जिवंत दात्याकडून होणाऱ्या किडनी प्रत्यारोपणाबद्दल आहे. रुग्णाचे नातेवाईक, डायलिसिस केंद्रातील कर्मचारी, प्रत्यारोपण समन्वयक आणि या शाखेत नव्याने आलेले निवासी डॉक्टर यांना तो समोर ठेवून लिहिला आहे. शस्त्रक्रिया करावी की नाही हा निर्णय नेफ्रॉलॉजिस्ट आणि एचएलए प्रयोगशाळेचे तज्ज्ञ मिळूनच घेतात. वाचकाने अहवाल समजून घ्यायचा तो योग्य प्रश्न वेळेवर विचारता यावेत म्हणून.

एक गैरसमज आधीच दूर करायला हवा. रक्त चढवण्यापूर्वी रक्तपेढी जो क्रॉसमॅच करते तो लाल पेशींचा असतो आणि त्याचा या क्रॉसमॅचशी संबंध नाही. रक्तगटाविरुद्धच्या प्रतिपिंडांचे टायटर, म्हणजे १:३२ किंवा १:६४ असे आकडे, हाही वेगळा विषय आहे. रक्तगट न जुळणाऱ्या दात्याच्या बाबतीत तो पाहिला जातो. खाली जे येते ते सर्व एचएलए प्रतिपिंडांबद्दल, म्हणजे दात्याच्या पेशींवरील ऊती-प्रतिजनांविरुद्ध रुग्णाच्या रक्तात तयार झालेल्या अँटिबॉडींबद्दल आहे.

## टप्पा १ : रुग्णाचा पूर्वेतिहास तारखांसह लिहून काढा

एचएलए प्रतिपिंडे सहसा कारणाशिवाय तयार होत नाहीत. दुसऱ्या माणसाच्या पेशींशी शरीराचा संबंध आला की ती तयार होतात आणि असा संबंध येण्याचे मार्ग मुख्यतः तीन आहेत : रक्त किंवा प्लेटलेट चढवणे, गर्भारपण आणि आधीचे प्रत्यारोपण. हा इतिहास हाती नसताना अहवाल वाचणे म्हणजे प्रश्न न ऐकता उत्तर तपासणे होय.

रक्ताच्या प्रत्येक पिशवीची तारीख लिहा. डायलिसिसच्या सुरुवातीच्या काळात हिमोग्लोबिन घसरल्यावर तालुक्याच्या दवाखान्यात चढवलेल्या एक-दोन पिशव्या पुष्कळदा कुणाच्या लक्षातच राहत नाहीत. पांढऱ्या पेशी गाळलेले रक्त वापरले असेल तर धोका कमी होतो, पण शून्य होत नाही.

गर्भारपणाची नोंद करताना जन्मलेली मुले मोजून थांबू नका. गर्भपात आणि अपुऱ्या दिवसांचे बाळंतपण हेही मोजायचे असते. हा प्रश्न सासर-माहेरच्या माणसांसमोर विचारला, तर खरे उत्तर मिळेलच असे नाही. समन्वयकाने तो बाईंना एकटीला, शांतपणे आणि का विचारतो आहोत ते सांगून विचारावा. या एका प्रश्नाच्या उत्तराने पुढे एखाद्या न उलगडणाऱ्या पॉझिटिव्ह अहवालाचा अर्थ लागतो.

दानाची दिशा फार महत्त्वाची असते. पत्नीला पतीची किंवा आईला मुलाची किडनी मिळणार असेल, तर गर्भारपणात त्या बाईच्या शरीराची नेमक्या त्याच प्रतिजनांशी ओळख झालेली असू शकते, कारण मुलाचा अर्धा एचएलए संच वडिलांकडून येतो. आईकडून मुलाकडे दान होताना हा विशिष्ट धोका नसतो. पतीने पत्नीला दान देण्याचे ठरले असेल, तर प्रतिपिंडांची सविस्तर तपासणी टाळण्याची सवलत घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

आधी प्रत्यारोपण झाले असेल, तर त्या जुन्या दात्याचा टायपिंग अहवाल, म्हणजे त्याचे एचएलए प्रतिजन कोणते ते सांगणारा कागद, शोधून काढा. औषधांचीही यादी करा : रिटुक्सिमॅब व एटीजी (रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधे), आयव्हीआयजी (शिरेतून दिली जाणारी तयार प्रतिपिंडे) आणि मायलोमा या कर्करोगासाठी दिले जाणारे डाराटुमुमॅब. या सर्वांमुळे अहवाल फसवे येऊ शकतात. ल्युपससारखा आजार असेल तर तोही ठळकपणे नोंदवा.

तपासा : शेवटचे रक्त चढवल्यानंतर प्रतिपिंडांचा नमुना किती दिवसांनी घेतला? प्रतिपिंडे वर यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. रक्त चढवल्यावर तिसऱ्या दिवशी घेतलेल्या नमुन्याचा स्वच्छ अहवाल त्या रक्ताबद्दल काहीच सांगत नाही.

## टप्पा २ : नमुना बरोबर होता का ते पाहा

अहवालाच्या वरच्या चौकटीत रुग्णाचे व दात्याचे नाव, नमुना घेतल्याची तारीख आणि चाचणी केल्याची तारीख असते. ही चौकट कोणी वाचत नाही आणि मोठ्या चुका तिथेच सापडतात.

क्रॉसमॅचसाठी रुग्णाचे सीरम लागते, म्हणून त्याचे रक्त साध्या ट्यूबमध्ये घेतात. दात्याच्या जिवंत पेशी लागतात, म्हणून त्याचे रक्त गोठू न देणाऱ्या ट्यूबमध्ये, सहसा हेपॅरिन किंवा एसीडी असलेल्या ट्यूबमध्ये घेतात. दात्याचे रक्त बर्फात किंवा फ्रिजमध्ये ठेवायचे नसते. खोलीच्या तापमानाला ठेवून ते शक्य तितक्या लवकर प्रयोगशाळेत पोहोचवायचे असते. गावाहून कुरिअरने आलेल्या नमुन्यातल्या पेशी वाटेतच मेल्या, तर क्रॉसमॅच खोटा पॉझिटिव्ह दिसू शकतो किंवा चाचणीच होत नाही.

डायलिसिसच्या रुग्णाचा नमुना डायलिसिस सुरू होण्यापूर्वी घ्यावा, कारण यंत्रात वापरलेल्या हेपॅरिनमुळे रक्त नीट गोठत नाही आणि सीरम स्वच्छ सुटत नाही. प्लाझ्माफेरेसिस (रक्तातला द्रव बदलून प्रतिपिंडे काढण्याचा उपचार) चालू असेल, तर नमुना त्या सत्रापूर्वीचा की नंतरचा हे अहवालावर लिहिलेले असायला हवे. ते लिहिलेले नसेल, तर आकडा कमी दिसण्याचे श्रेय कशाला द्यायचे हे कळत नाही.

इशारा : दाता आणि रुग्ण एकाच घरातले असल्याने आडनाव एक, पत्ता एक आणि कधी मधले नावही एकच असते. ट्यूबवर फक्त आडनाव लिहिले, तर अदलाबदल होते आणि ती कोणाच्या लक्षातही येत नाही. पूर्ण नाव, वय, नोंदणी क्रमांक आणि ‘दाता’ किंवा ‘रुग्ण’ हा शब्द प्रत्येक ट्यूबवर हवा आणि चिकटवलेले लेबल नातेवाइकाने तिथेच वाचून घ्यावे.

## टप्पा ३ : टायपिंगवरून ‘न जुळणाऱ्यांची यादी’ तयार करा

पुढचे सगळे वाचन या यादीवर उभे असते. एचएलए प्रतिजनांचे दोन वर्ग आहेत. पहिल्या वर्गात ए, बी आणि सी येतात. दुसऱ्या वर्गात डीआर, डीक्यू आणि डीपी येतात. प्रत्येक माणसाकडे प्रत्येक जागी दोन प्रतिजन असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून आलेले.

कागदाच्या एका बाजूला रुग्णाचे व दुसऱ्या बाजूला दात्याचे प्रतिजन लिहा. दात्याकडे आहेत आणि रुग्णाकडे नाहीत, तेवढेच अधोरेखित करा. उलट दिशेने पाहू नका. रुग्णाकडे असलेले पण दात्याकडे नसलेले प्रतिजन इथे गैरलागू आहेत. पुष्कळ जण ‘सहापैकी तीन जुळले’ एवढे पाठ करतात, पण प्रतिपिंडांचा अहवाल वाचायला ती गुणसंख्या उपयोगाची नाही. नेमके कोणते प्रतिजन जुळत नाहीत त्यांची नावे लागतात.

इथली सर्वांत मोठी उणीव अशी की अनेक टायपिंग अहवालांत फक्त ए, बी आणि डीआर एवढेच असते. डीक्यू, सी आणि डीपी यांचा पत्ताच नसतो. पुढे प्रतिपिंडांच्या अहवालात डीक्यू५ विरुद्ध प्रतिपिंड निघाले आणि दात्याचा डीक्यू माहीतच नसला, तर ते प्रतिपिंड या दात्याविरुद्धचे आहे की नाही हे सांगता येत नाही. दुसऱ्या वर्गातील डीक्यूविरुद्धची प्रतिपिंडे विरळ नाहीत आणि प्रत्यारोपणानंतर नव्याने तयार होणाऱ्यांत तर ती फार आढळतात. म्हणून टायपिंग करून घेतानाच डीक्यू मागून घ्या आणि रुग्णात प्रतिपिंडे असण्याची शक्यता असेल तर सी व डीपीही.

नावांच्या पातळीकडेही लक्ष द्या. जुन्या पद्धतीत ‘बी४०’ असे ढोबळ नाव दिसते. त्याच्या पोटात बी६० आणि बी६१ असे दोन प्रतिजन येतात. भारतात पुष्कळ आढळणारा बी*४०:०६ हा बी६१ असतो. रुग्णात फक्त बी६० विरुद्ध प्रतिपिंड असेल आणि दात्याच्या अहवालात नुसते ‘बी४०’ लिहिले असेल, तर चांगला दाता विनाकारण नाकारला जाऊ शकतो किंवा याच्या उलटही होऊ शकते. त्याचप्रमाणे डीआर२ म्हणजे डीआर१५ की डीआर१६ आणि डीक्यू३ म्हणजे डीक्यू७, ८ की ९, हे विचारून घ्यावे.

तपासा : दाता आई, वडील किंवा मूल असेल, तर प्रत्येक जागी किमान एक प्रतिजन जुळायलाच हवा. तसे दिसत नसेल, तर आधी नमुन्यांची अदलाबदल आणि टायपिंगची चूक तपासून घ्यावी.

## टप्पा ४ : पीआरएच्या टक्क्यांवर फार वेळ घालवू नका

पीआरए, म्हणजे अनेक जणांच्या प्रतिजनांच्या संचावर रुग्णाचे सीरम तपासून किती टक्क्यांविरुद्ध प्रतिक्रिया येते ते पाहणे, ही चाळणी आहे. रुग्णाच्या सीरममध्ये एचएलए प्रतिपिंडे आहेत का आणि पहिल्या वर्गाविरुद्ध आहेत की दुसऱ्या, एवढेच ती सांगते. ‘पीआरए ८ टक्के’ म्हणजे हा दाता चालेल असे नव्हे, कारण ते आठ टक्के नेमके याच दात्याविरुद्धचे असू शकतात. ‘पीआरए ७० टक्के’ म्हणजे हा दाता चालणार नाही असेही नव्हे. तो उरलेल्या तिसांत असू शकतो.

काही अहवालांत ‘सीपीआरए’ दिसते. त्यात रुग्णाला न चालणारे प्रतिजन किती दात्यांमध्ये सापडतील याचे गणित असते आणि ते गणित कोणत्या लोकसंख्येवर बेतले आहे यावर उत्तर बदलते. अमेरिकी किंवा युरोपीय गणकावर काढलेली टक्केवारी आपल्याकडच्या दात्यांना जशीच्या तशी लागू होत नाही. मृत्युपश्चात अवयवदानाच्या प्रतीक्षायादीवर असलेल्या रुग्णाला हा आकडा वाट किती पाहावी लागेल याचा अंदाज देतो. घरातला दाता ठरलेला असेल, तर पुढच्या टप्प्याकडे वळा.

## टप्पा ५ : ‘डीएसए’ म्हणजे नेमकी कोणती चाचणी झाली ते ओळखा

डीएसए म्हणजे या दात्याविरुद्धची प्रतिपिंडे. हे चाचणीचे नाव नाही, शोधाचे नाव आहे. पण आपल्याकडे दोन अगदी वेगळ्या चाचण्यांच्या अहवालांवर हाच शब्द छापलेला असतो आणि त्यातून सतत गोंधळ होतो.

पहिली चाचणी लायसेट पद्धतीची. दात्याच्या पेशी फोडून त्यांतले एचएलए प्रतिजन सूक्ष्म मण्यांवर पकडतात आणि त्यावर रुग्णाचे सीरम घालतात. पहिल्या वर्गासाठी एक आणि दुसऱ्या वर्गासाठी एक, असे एमएफआयचे (मण्यावरच्या चमकेचे) दोनच आकडे मिळतात. ती तुलनेने स्वस्त आहे आणि तिला ल्युमिनेक्स क्रॉसमॅचही म्हणतात. प्रतिपिंड नेमके कोणत्या प्रतिजनाविरुद्ध आहे हे ती सांगत नाही आणि दुसऱ्या वर्गाच्या बाबतीत तिच्यावर पूर्ण विसंबता येत नाही.

दुसरी सिंगल अँटिजेन बीड, म्हणजे एसएबी चाचणी. इथे प्रत्येक मण्यावर एकच प्रतिजन असतो, एका वर्गासाठी असे सुमारे शंभर मणी असतात आणि प्रत्येकाचा वेगळा एमएफआय छापून येतो. अहवाल अनेक पानांचा किंवा लांबलचक तक्त्याचा असेल तर तो एसएबीचा. दोनच आकडे असतील तर तो लायसेटचा.

पूर्वेतिहासात रक्त, गर्भारपण किंवा जुने प्रत्यारोपण असेल, पीआरए पॉझिटिव्ह असेल किंवा कोणताही क्रॉसमॅच संशयास्पद असेल, तर लायसेटवर थांबू नये, एसएबी करून घ्यावी. खर्चाचा प्रश्न खरा आहे, पण चुकीच्या निर्णयाची किंमत त्याहून कितीतरी अधिक असते.

## टप्पा ६ : एसएबी अहवाल मण्यामण्याने वाचा

हा टप्पा सर्वांत नाजूक आहे. घाई करू नका.

आधी नियंत्रण मणी पाहा. निगेटिव्ह नियंत्रणाचा आकडा कमी आणि पॉझिटिव्ह नियंत्रणाचा भरपूर असायला हवा. निगेटिव्ह नियंत्रणच चढलेले असेल, तर सीरम मण्यांना सरसकट चिकटते आहे आणि लहानसहान पॉझिटिव्ह आकड्यांना अर्थ उरत नाही. पॉझिटिव्ह नियंत्रण उतरलेले असेल, तर सीरममध्ये काहीतरी अडथळा आहे असे समजावे.

मग टप्पा ३ मधली यादी शेजारी ठेवा आणि तक्त्यात फक्त तेच प्रतिजन शोधा. वरच्या ओळींत वीस हजारांचे आकडे दिसले तरी ते दात्याकडे नसलेल्या प्रतिजनाविरुद्ध असतील, तर या दात्यापुरते ते बाजूला ठेवायचे असतात. तक्ता आकड्यांच्या उतरत्या क्रमाने लावलेला असल्याने नजर पहिल्या ओळींवरच खिळते आणि चौतिसाव्या ओळीतला दात्याचा प्रतिजन सुटून जातो.

एकाच प्रतिजनाचे एकाहून अधिक मणी असतात. त्यांची एकमेकांशी तुलना करा. डीक्यू५ चे सर्व मणी सारखे वर असतील, तर प्रतिपिंड खरे असण्याची शक्यता मोठी. एकच मणी वर आणि बाकीचे शून्याजवळ असतील, तर तीन शक्यता उरतात : प्रतिपिंड त्या एका उपप्रकाराविरुद्ध आहे, ते डीक्यूच्या दोन साखळ्यांपैकी अल्फा साखळीशी निगडित आहे किंवा मण्यावरचा प्रतिजन विकृत झालेला असून प्रतिपिंड त्या विकृत रूपाला चिकटते आहे. शेवटच्या प्रकारात जिवंत पेशींवरचा क्रॉसमॅच निगेटिव्ह येतो. दात्याचा नेमका उपप्रकार मण्यांत आहे का हेही विचारा. भारतात आढळणाऱ्या ए*०२:११ सारख्या उपप्रकारासाठी पुष्कळदा ए२ च्या दुसऱ्या मण्यांवरून अनुमान काढावे लागते.

आता एमएफआयबद्दल. एमएफआय म्हणजे मण्यावरच्या चमकेची तीव्रता. तो प्रतिपिंडांच्या मात्रेचा थेट मोजमाप नाही आणि टायटरही नाही. एकच नमुना दोन प्रयोगशाळांत किंवा दोन कंपन्यांच्या किटवर तपासला, तर आकडे वेगळे येतात. त्याच प्रयोगशाळेत पुन्हा तपासला तरी वीस-तीस टक्क्यांचा फरक पडू शकतो. त्यामुळे २४०० चे १९०० झाले म्हणून उपचार लागू पडला असे मानू नये. अनेक केंद्रे १००० च्या आसपास रेषा ओढतात, पण ही रेषा प्रयोगशाळेने आपल्या अनुभवातून ठरवलेली असते आणि ती अहवालावर छापलेली असायला हवी. पतीकडून पत्नीला दान होत असताना पतीच्याच प्रतिजनाविरुद्ध ७०० एमएफआय दिसला, तर रेषेखाली म्हणून तो दुर्लक्षित करू नये. जुन्या स्मृतीची ती खूण असू शकते आणि प्रत्यारोपणानंतर प्रतिपिंडे झपाट्याने वर येऊ शकतात.

इशारा, आकडा खोटा कमी दिसण्याचा : प्रतिपिंडे फार जास्त असतील, तर कॉम्प्लिमेंटचे (प्रतिपिंडांच्या मदतीने पेशी मारणाऱ्या रक्तातल्या प्रथिनांचे) घटक मण्यावर बसून चमक झाकतात आणि एमएफआय उलट कमी दिसतो. याला प्रोझोन परिणाम म्हणतात. पूर्वेतिहास भरभक्कम, क्रॉसमॅच जोरदार पॉझिटिव्ह आणि एसएबी मात्र सौम्य, असे चित्र दिसले तर सीरम ईडीटीए घालून किंवा पातळ करून पुन्हा तपासायला सांगा. पातळ केल्यावर आकडा वाढला, तर उत्तर मिळाले.

इशारा, आकडा वाटला जाण्याचा : काही प्रतिपिंडे एका प्रतिजनाविरुद्ध नसून अनेक प्रतिजनांवर असलेल्या सामाईक भागाविरुद्ध असतात, बीडब्ल्यू४ हे त्याचे उदाहरण. अशी प्रतिपिंडे अनेक मण्यांवर वाटली जातात आणि प्रत्येक मण्यावरचा आकडा मध्यमच दिसतो. दात्याकडे तो भाग असलेले दोन-तीन प्रतिजन असतील, तर प्रत्यक्ष जोर आकड्यापेक्षा जास्त असतो.

## टप्पा ७ : अंदाज लिहून ठेवा, मगच क्रॉसमॅच उघडा

आतापर्यंतच्या वाचनावरून एका ओळीत लिहा : या दात्याविरुद्ध पहिल्या वर्गाचे प्रतिपिंड आहे की नाही, दुसऱ्या वर्गाचे आहे की नाही आणि आहे ते सौम्य की जोरदार. यालाच आभासी क्रॉसमॅच म्हणतात.

पुढच्या वाचनासाठी एवढे लक्षात ठेवा : टी पेशींवर फक्त पहिल्या वर्गाचे प्रतिजन असतात, तर बी पेशींवर दोन्ही वर्गांचे. त्यामुळे टी आणि बी दोन्ही पॉझिटिव्ह आले, तर पहिल्या वर्गाचे प्रतिपिंड असण्याची शक्यता मोठी, सोबत दुसऱ्याचेही असू शकते. टी निगेटिव्ह व बी पॉझिटिव्ह आले, तर दुसऱ्या वर्गाचे प्रतिपिंड, पहिल्या वर्गाचे सौम्य प्रतिपिंड किंवा औषधाचा परिणाम. टी पॉझिटिव्ह आणि बी निगेटिव्ह हे एचएलए प्रतिपिंडांनी सहसा स्पष्ट होत नाही. तिथे तांत्रिक चुकीचा किंवा टी पेशींवरील दुसऱ्या कशाविरुद्धच्या प्रतिपिंडाचा संशय घ्यावा.

### सीडीसी क्रॉसमॅच

दात्याच्या पेशींवर रुग्णाचे सीरम आणि सशाचे कॉम्प्लिमेंट घालून किती पेशी मरतात ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. सर्वसाधारणपणे १० टक्क्यांपर्यंत निगेटिव्ह, ११ ते २० टक्के संदिग्ध आणि त्यापुढे पॉझिटिव्ह धरतात. निगेटिव्ह नियंत्रणातच पुष्कळ पेशी मेलेल्या असतील, तर दात्याचा नमुना खराब होता असे समजून चाचणी पुन्हा करावी.

सीडीसी पॉझिटिव्ह आला की ‘डीटीटी’ची ओळ शोधा. डीटीटी हे रसायन आयजीएम प्रकारची प्रतिपिंडे निकामी करते. डीटीटीशिवाय पॉझिटिव्ह आणि डीटीटीनंतर निगेटिव्ह आले, तर प्रतिपिंड आयजीएम प्रकारचे, बहुधा स्वतःच्याच पेशींविरुद्धचे आणि सहसा निरुपद्रवी असते. याची खात्री ऑटो क्रॉसमॅचने होते. त्यात रुग्णाचे सीरम त्याच्याच पेशींवर तपासतात. डीटीटीनंतरही टी पेशींचा सीडीसी पॉझिटिव्ह राहिला आणि एसएबीमध्ये पहिल्या वर्गाचा डीएसए दिसत असला, तर तिथे थांबायचे असते. या स्थितीत प्रत्यारोपण केले, तर किडनी काही मिनिटांत किंवा तासांत निकामी होऊ शकते.

सीडीसी निगेटिव्ह याचा अर्थ मात्र ‘प्रतिपिंड नाही’ असा नाही. ही चाचणी कमी संवेदनशील आहे. फक्त सीडीसीवर विसंबून पुढे जाणे ही आजही सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे.

### फ्लो क्रॉसमॅच

फ्लो सायटोमेट्रीमध्ये पेशी मारत नाहीत. पेशीवर चिकटलेले आयजीजी प्रतिपिंड चमकेवरून मोजतात. ही चाचणी सीडीसीपेक्षा बरीच संवेदनशील असते. निकाल चॅनेल शिफ्टमध्ये, म्हणजे चमक नियंत्रणापेक्षा किती सरकली या आकड्यात, येतो आणि टी व बी पेशींसाठी मर्यादा वेगवेगळ्या असतात. त्या मर्यादा प्रत्येक प्रयोगशाळेच्या स्वतःच्या असल्याने दुसऱ्या शहरातल्या अहवालाशी आकड्याची तुलना करू नका.

रुग्णाला रिटुक्सिमॅब दिलेले असेल, तर ते दात्याच्या बी पेशींना चिकटते आणि बी पेशींचा फ्लो खोटा पॉझिटिव्ह येतो. हा परिणाम कित्येक महिने टिकू शकतो. पेशींवर प्रोनेज या विकराची प्रक्रिया केली, तर तो कमी होतो, पण त्याच प्रक्रियेने कधी टी पेशींचा निकाल खोटा पॉझिटिव्ह होतो. प्रोनेज वापरले की नाही ते अहवालात लिहिलेले असावे.

## टप्पा ८ : सर्व अहवाल एकच गोष्ट सांगतात का?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. दोन मुलांची आई रुग्ण आहे, पती दाता आहे. रुग्णाचे टायपिंग : ए११, ए२४, बी३५, बी५२, डीआर७, डीआर१५, डीक्यू२, डीक्यू६. दात्याचे : ए२, ए२४, बी३५, बी६१, डीआर१०, डीआर१५, डीक्यू५, डीक्यू६. न जुळणाऱ्यांची यादी होते ए२, बी६१, डीआर१० आणि डीक्यू५. सी आणि डीपी तपासलेले नाहीत, हे यादीखाली लिहून ठेवायचे.

पीआरए पहिल्या वर्गात निगेटिव्ह, दुसऱ्या वर्गात १८ टक्के. एसएबीमध्ये डीक्यू५ चे सर्व मणी ६००० ते ७००० एमएफआय. ए२, बी६१ आणि डीआर१० शांत. अंदाज : दुसऱ्या वर्गाचे खरे, मध्यम ते जोरदार प्रतिपिंड. आता क्रॉसमॅच उघडला. सीडीसी टी व बी निगेटिव्ह; फ्लोमध्ये टी निगेटिव्ह, बी पॉझिटिव्ह. अंदाज आणि निकाल जुळतात. मुलांपैकी एकाने तरी वडिलांकडून डीक्यू५ घेतला असेल, तर गर्भारपणाशीही धागा जुळतो. या घराने फक्त सीडीसीचे पान वाचले असते, तर ‘निगेटिव्ह’ म्हणून शस्त्रक्रियेची तारीख ठरली असती.

आता हेच उदाहरण थोडे बदलू. बी पेशींचा फ्लो पॉझिटिव्ह आहे, पण एसएबीमध्ये दात्याविरुद्ध काहीच नाही. पहिले प्रश्न : रिटुक्सिमॅब दिले होते का, ऑटो क्रॉसमॅच कसा आहे, सी आणि डीपी तपासले का, प्रोझोनची शंका आहे का? या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत दाता स्वीकारूही नये आणि नाकारूही नये. माझ्या मते, विसंगती दिसली असताना ‘एक पॉझिटिव्ह, तीन निगेटिव्ह’ अशी मतमोजणी करणे हा सर्वांत घातक मार्ग आहे. या चाचण्या वेगवेगळे प्रश्न विचारतात; बहुमताने त्यांचा निकाल लागत नाही.

## टप्पा ९ : प्रतिपिंड खरे निघाले तर

वाटा तीन आहेत. पहिली, घरातला दुसरा दाता. त्याच्यासाठी टप्पा ३ पासून पुन्हा सुरुवात करावी. दुसरी, अदलाबदल म्हणजे स्वॅप प्रत्यारोपण, ज्यात दोन कुटुंबे आपापले दाते बदलून घेतात. मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यातल्या २०११ च्या दुरुस्तीने तिला स्पष्ट मान्यता दिली आहे. तिसरी, प्लाझ्माफेरेसिस, आयव्हीआयजी आणि रिटुक्सिमॅबसारख्या उपचारांनी प्रतिपिंडे उतरवणे. ती खर्चाची आहे, संसर्गाचा धोका वाढवणारी आहे आणि उतरलेली प्रतिपिंडे परत येऊ शकतात. जुळणारा दाता स्वॅपमधून मिळत असेल, तर तो आधी पाहावा. सोबत मृत्युपश्चात दानाच्या यादीतही नाव नोंदवता येते. महाराष्ट्रात ती नोंदणी रुग्णालयामार्फत मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रांकडे होते.

उपचार घ्यायचे ठरले, तर आधीचा आणि नंतरचा नमुना त्याच प्रयोगशाळेत, त्याच किटवर आणि शक्यतो एकाच वेळी तपासून घ्यावा. आयव्हीआयजी दिल्यावर लगेच घेतलेल्या नमुन्यावर निर्णय घेऊ नये.

## टप्पा १० : शस्त्रक्रियेपूर्वीची शेवटची तपासणी

क्रॉसमॅच कायमचा नसतो. तो ज्या दिवशीच्या सीरमवर केला, त्या दिवसापुरता खरा असतो. तीन महिन्यांपूर्वीचा निगेटिव्ह अहवाल फाइलमध्ये आहे म्हणून अंतिम क्रॉसमॅच टाळू नये; शस्त्रक्रियेच्या तारखेच्या जवळ ताज्या नमुन्यावर तो पुन्हा करावा. जुने साठवलेले सीरम उपलब्ध असेल, तर ज्यात प्रतिपिंडे सर्वांत जास्त होती त्या नमुन्यावरही करावा.

मधल्या काळात डायलिसिस केंद्रात रक्त चढवण्याची वेळ आली, तर ते देण्यापूर्वी प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांना कळवावे आणि शक्य असेल तर हिमोग्लोबिन लोह व एरिथ्रोपोएटिनच्या इंजेक्शनांनी सांभाळावे. रक्त द्यावेच लागले, तर पिशवीची तारीख फाइलच्या पहिल्या पानावर लिहावी, साधारण दोन आणि चार आठवड्यांनी प्रतिपिंडांचा नमुना पुन्हा पाठवावा आणि ते अहवाल हाती येईपर्यंत शस्त्रक्रियेची तारीख पक्की करू नये.